सभेंत विचारलेला प्रश्न

लेखकांच्या संमेलनांची थट्टा करणें फार सोपें आहे. भाषणें लांबतात, ठराव एकमतानें पसार होतात, मेजवान्या झडतात, छायाचित्रें निघतात आणि मंडळी आपापल्या गांवीं परततात; जग मात्र होतें तेथेंच राहतें. त्यांतून सभोंवार युद्धाचा किंवा जुलमाचा वणवा पेटलेला असला म्हणजे ही थट्टा अधिकच झोंबते. घर जळत असतां अलंकारशास्त्राची चर्चा करणाऱ्या पंडितांविषयीं कोणास आदर वाटणार? आम्हांलाहि ही थट्टा पुष्कळ अंशीं रास्त वाटते. तथापि आज अशा एका संमेलनाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों, कीं ज्यानें एकहि लढाई थांबविली नाहीं आणि जळालेलें एकहि पुस्तक राखेंतून परत आणलें नाहीं. पण लेखकांची सभा अखेर कशासाठीं असते, या प्रश्नाचें उत्तर त्या सभेंत जितकें स्वच्छ मिळालें तितकें अन्यत्र क्वचितच मिळालें असेल. ही सभा १९३३ सालच्या मे महिन्यांत एड्रियाटिक समुद्राकांठच्या दुब्रोव्हनिक शहरीं भरली होती.

सभा बोलावणारी संस्था 'पेन' या नांवानें ओळखली जाते. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ लेखणी. आणि कवि, निबंधकार व कादंबरीकार या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासूनहि तो बनतो. कॅथरिन एमी डॉसन स्कॉट या लेखिकेनें ५ ऑक्टोबर १९२१ रोजीं लंडनमधील एका उपाहारगृहांत या संस्थेची स्थापना केली आणि जॉन गॉल्सवर्दी हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. प्रारंभीं तिचें स्वरूप एका भोजनमंडळाचेंच होतें. देशोदेशींच्या लेखकांनीं एका पंक्तीला बसावें आणि एकमेकांस ओळखावें, एवढाच माफक हेतु. परंतु हा हेतु ज्या अनुभवांतून निघाला तो मुळींच माफक नव्हता. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होतांच लेखण्याहि रणांत उतरल्या होत्या. जर्मनीच्या ९३ नामांकित विद्वानांनीं व कलावंतांनीं आपल्या सैन्यावरील आरोप खोटे असल्याचें जाहीरपत्र काढलें. त्याच्या थोडें आधीं इंग्लंडांतील पन्नासांहून अधिक ग्रंथकारांनीं आपल्या देशाचें युद्ध न्याय्य असल्याचें पत्रक प्रसिद्ध केलें होतें. त्यावर खुद्द गॉल्सवर्दी आणि एच. जी. वेल्स यांच्या सह्या होत्या. अशा मंडळींना युद्धानंतर पुन्हां एका पंक्तीला बसवावयाचें, तर राजकारण दाराबाहेर ठेवलें पाहिजे, असें संस्थेच्या चालकांना वाटलें, यांत नवल नाहीं.

१९२७ सालीं ब्रुसेल्स येथील अधिवेशनांत गॉल्सवर्दींच्या पुढाकारानें तीन तत्त्वें मान्य झालीं. साहित्य जन्मानें राष्ट्रीय असलें तरी त्याला सरहद्द नाहीं आणि राष्ट्राराष्ट्रांत कसलाहि कलह माजला तरी त्याची देवघेव चालू राहिली पाहिजे, हें पहिलें. युद्धाच्या काळींसुद्धां कलाकृतींना राष्ट्रीय वा राजकीय क्षोभाची झळ लागूं देऊं नये, हें दुसरें. सभासदांनीं आपलें वजन राष्ट्रांमधील सद्भाव आणि परस्परांविषयींचा आदर वाढविण्याकडे खर्चावें, हें तिसरें. तत्त्वें उत्तमच होतीं. परंतु हीं तत्त्वें आणि 'राजकारण नको' हा नियम यांचें फार काळ जुळणें शक्य नाहीं, हें त्या वेळीं फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नसावें. पुस्तकाला झळ लावणारा हात बहुधा राज्यकर्त्याचाच असतो. मग त्या हाताचें नांव न घेतां पुस्तक वांचवावयाचें कसें? सुखाच्या दिवसांत ही अडचण झांकून राहिली. १९३३ सालीं ती उघडी पडली.

त्या वर्षीं ३० जानेवारीस हिटलर जर्मनीचा मुख्य प्रधान झाला. दुसऱ्याच दिवशीं लंडनमध्यें गॉल्सवर्दी वारले आणि पुढें पेनचें अध्यक्षपद वेल्स यांच्याकडे आलें. २७ फेब्रुवारीच्या रात्रीं बर्लिनच्या लोकसभागृहाला आग लागली आणि त्या रात्रीपासूनच विरोधकांची धरपकड सुरू झाली. १० मे रोजीं बर्लिनच्या ऑपेरा चौकांत आणि इतर अनेक विद्यापीठांच्या गांवीं विद्यार्थ्यांनीं मिरवणुका काढून ग्रंथांच्या होळ्या केल्या. हाइनरिख मान, सिग्मंड फ्रॉइड, एरिख मारिया रेमार्क अशा लेखकांचीं नांवें मोठ्यानें उच्चारून त्यांचीं पुस्तकें अग्नींत टाकण्यांत आलीं. ज्यांचीं पुस्तकें जळालीं त्यांत आल्फ्रेट केर हेहि होते. हे केर जर्मन पेनचे अध्यक्ष होते. ते आधींच देश सोडून गेले होते आणि त्यांच्यामागें तें केंद्र नव्या राजवटीला अनुकूल असलेल्या मंडळींच्या हातीं गेलें होतें. या होळ्यांची राख निवते न निवते तोंच, पंधरा दिवसांनीं, दुब्रोव्हनिकचें अधिवेशन सुरू झालें.

हें शहर पूर्वीं रागुझा या नांवानें प्रसिद्ध होतें. शतकानुशतकें तें एक लहानसें व्यापारी प्रजासत्ताक होतें. १८०८ सालीं नेपोलियनच्या अंमलांत तें संपुष्टांत आलें. शहराच्या कडेला समुद्रांत घुसलेल्या खडकावर एक किल्ला आहे. त्याच्या दारावर, जगांतील सर्व सोनें दिलें तरी स्वातंत्र्य विकूं नये, अशा अर्थाचा लॅटिन लेख कोरलेला आहे. जमलेल्या पाहुण्यांपैकीं किती जणांनीं तो वाचला असेल तें असो; सभेपुढें जो प्रश्न येणार होता तो मात्र याच व्यवहाराचा होता. अधिवेशन मोडूं नये, पाहुणे दुखावूं नयेत, यजमानांस अवघड वाटूं नये, या सोन्याच्या मोबदल्यांत काय द्यावयाचें?

जर्मन केंद्राचे अधिकृत प्रतिनिधि तेथें आले होते. आणि त्यांच्या समोर एर्न्स्ट टोलर हेहि आले होते. टोलर १८९३ सालीं जन्मले. १९१४ सालीं ते हौसेनें सैन्यांत भरती झाले आणि खंदकांतील कत्तल पाहून युद्धाचे वैरी बनून परतले. १९१९ सालीं म्यूनिक येथें जी अल्पजीवी क्रांति झाली तींत ते पुढारी होते. त्याबद्दल त्यांनीं पांच वर्षें तुरुंगवास भोगला, आणि त्या तुरुंगांत लिहिलेल्या नाटकांनीं त्यांचें नांव युरोपभर झालें. बर्लिनमध्यें पोलीस त्यांच्या घरीं आले तेव्हां ते स्वित्झर्लंडमध्यें होते, म्हणून वांचले. जर्मन केंद्राच्या नव्या यादींत त्यांचें नांव असणें शक्यच नव्हतें. इतर देशांच्या लेखकांच्या आधारानेंच ते या सभेंत बसले होते.

अमेरिकेचे प्रतिनिधि हेन्री सायडेल कॅन्बी यांनीं १९२७ सालच्या तत्त्वांचा पुनरुच्चार करणारा ठराव मांडला. जर्मन प्रतिनिधि त्याला संमति देण्यास तयार झाले. अट इतकीच, कीं त्यावर चर्चा होऊं नये. या अटींत सगळें मर्म आहे, म्हणून वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. तत्त्व मान्य, पण त्याचा उपयोग नामंजूर. ग्रंथांना झळ लागूं नये हें मान्य. पण पंधरा दिवसांपूर्वीं कोणीं कोणते ग्रंथ जाळले, हें विचारावयाचें नाहीं! सभेला ज्या ठरावानें कांहींच खर्च येत नाहीं तो ठराव जुलमी सत्तासुद्धां आनंदानें पसार करूं देते; तिला भय वाटतें तें साध्या प्रश्नाचें.

तो साधा प्रश्न पेनचे चिटणीस हर्मन औल्ड यांनीं विचारला. लेखकांच्या छळाचा आणि ग्रंथदहनाचा जर्मन केंद्रानें निषेध केला आहे काय? आणि साम्यवादी किंवा तत्सम मतांच्या सभासदांस वगळण्याविषयींचें पत्रक त्या केंद्रानें धाडलें, हें खरें आहे काय? प्रतिनिधींनीं उत्तर देण्याचें नाकारलें. वेल्स अध्यक्षस्थानीं होते. चर्चा झालीच पाहिजे आणि टोलर यांना बोलावयास मिळालेंच पाहिजे, या मतावर ते ठाम राहिले. तेव्हां जर्मन प्रतिनिधि सभागृह सोडून गेले आणि इतर देशांतील कांहीं सभासदहि त्यांच्याबरोबर उठले.

मग टोलर बोलले. ज्या लेखकांचे, चित्रकारांचे आणि शास्त्रज्ञांचे स्वदेशांत हाल चालले होते त्यांचा पाढा त्यांनीं वाचला आणि त्यांच्यासाठीं तुम्हीं काय केलें, असें आपल्या देशबांधवांस विचारलें. आपण जर्मनीविरुद्ध बोललों असें उद्यां म्हटलें जाईल हें ते जाणून होते; म्हणून त्यांनीं स्पष्ट सांगितलें, कीं आज जर्मनीवर राज्य करणारे लोक म्हणजे जर्मनी नव्हे, आणि ज्या लक्षावधि माणसांस तेथें तोंड उघडतां येत नाहीं त्यांच्या वतीनें आपण बोलत आहों. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें नव्या सरकारनें त्यांचें नागरिकत्व काढून घेतलें.

हा प्रसंग वाचतांना आम्हांस कुरुसभेची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. द्रौपदीनें सभेपुढें जें मांडलें तो विलाप नव्हता. तो प्रश्न होता. स्वतःस आधीं हरलेल्या पुरुषाला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, एवढेंच तिनें विचारलें. भीष्मांसारख्या वृद्धानें धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून उत्तर टाळलें. द्रोण, कृप गप्प राहिले. बोलला तो कौरवांतलाच एक तरुण, विकर्ण. आणि सभेंत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर न देणारा सभासद अधर्माचा वांटेकरी होतो, असें विदुरानें बजावलें. पेनचा 'राजकारण नको' हा नियम भीष्मांच्या सूक्ष्म धर्मासारखाच होता. त्याचा उगम थोर, पण वेळप्रसंगीं त्याचा उपयोग मौनास पावित्र्य आणण्याकडे होत असे. दुब्रोव्हनिकला त्या नियमाची ही बाजू दिसून आली. प्रश्न विचारणें हें राजकारण आणि प्रश्न दाबणें हें मात्र साहित्य, ही वांटणी तेथें सभेनें मान्य केली नाहीं.

प्रतिपक्षाचें म्हणणेंहि आम्ही टाकून देत नाहीं. या आग्रहानें अखेर काय झालें, असें कोणी विचारील. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जर्मन केंद्र संस्थेंतून निघून गेलें. ज्या पंक्तीसाठीं संस्था जन्मली ती पंक्ति मोडली. बर्लिनमध्यें कोणाचाहि तुरुंग त्यामुळें उघडला नाहीं. हें सर्व खरें आहे. पण दुसरें एक खरें आहे: १९३४ सालीं परागंदा जर्मन लेखकांचें निराळें केंद्र उभें राहिलें, हाइनरिख मान त्याचे अध्यक्ष व रूडोल्फ ओल्डेन चिटणीस झाले. देश, घर, वाचक आणि प्रकाशक गमावलेल्या माणसांना आपल्या भाषेच्या नांवानें उभें राहण्यास एक जागा मिळाली. दुब्रोव्हनिकला सभा गप्प बसली असती, तर ती जागा जाळणाऱ्यांच्याच ताब्यांत राहिली असती.

परंतु परक्याचा अन्याय दाखविणें त्या मानानें सोपें. सभेची खरी कसोटी आपल्याच पक्षाच्या गैरसोयीचा प्रश्न निघाला म्हणजे लागते. वेल्स यांनीं १९३४ सालीं मॉस्कोस जाऊन रशियन लेखकांनींहि पेनमध्यें यावें अशी खटपट केली, आणि मतस्वातंत्र्याची अट पुढें ठेवतांच त्यांना गॉर्कीकडून विरोध झाला. पुढील वर्षीं, १९३५ च्या जूनमध्यें, संस्कृतीच्या संरक्षणासाठीं पॅरिसमध्यें लेखकांची एक मोठी परिषद भरली. जर्मनींतील राजवटीविरुद्ध तेथें एकमत होतें. तथापि रशियांत हद्दपारींत असलेल्या व्हिक्टर सर्ज या लेखकाचा प्रश्न जेव्हां माग्दलेन पाझ आणि इटलीचे इतिहासकार गाएतानो साल्व्हेमिनी यांनीं काढला, तेव्हां पुष्कळांच्या कपाळाला आंठ्या पडल्या. शत्रु दाराशीं असतां मित्राचे दोष काढणें म्हणजे शत्रूला साह्य करणें, असा तो युक्तिवाद होता. १९३७ च्या जुलैंत याच परंपरेचें दुसरें अधिवेशन यादवी युद्धानें होरपळलेल्या स्पेनमध्यें, व्हॅलेन्सिया व माद्रिद येथें भरलें. तोफांच्या टप्प्यांत जाऊन लेखकांनीं पीडित लोकांच्या बाजूनें उभें राहावें, या धैर्याला आम्ही नमस्कार करतों. पण त्याच व्यासपीठावरून आंद्रे जीद यांचा धिक्कार झाला. कारण त्यांनीं रशियाच्या प्रवासाविषयींच्या पुस्तकांत आपणांस जें खटकलें तें लिहिलें होतें.

या मौनाची किंमत पुढें कोणीं दिली? रशियन मंडळाचे प्रमुख मिखाइल कोल्त्सोव्ह यांना स्वदेशीं परतल्यावर १९३८ सालीं अटक झाली व १९४० सालीं गोळी घालण्यांत आली. पॅरिसच्या परिषदेंत बोललेले इसाक बाबेल यांचीहि १९४० सालीं तीच गति झाली. त्यांच्यासाठीं कोणत्याहि सभेंत कोणीं प्रश्न विचारला नाहीं. उलट सर्ज यांच्याविषयीं ज्यांनीं आंठ्यांची पर्वा न करतां प्रश्न विचारला होता, त्यांचा प्रयत्न व्यर्थ गेला नव्हता. १९३६ सालीं सर्ज रशियाबाहेर पडूं शकले होते. प्रश्नानें कधीं कधीं माणूस वांचतो. मौनानें कोणी वांचल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

हा इतिहास आपणांस अगदींच परका आहे असें वाचकांनीं समजूं नये. दुब्रोव्हनिकचें अधिवेशन झालें त्याच १९३३ सालीं सोफिया वाडिया यांनीं मुंबईंत पेनचें अखिल भारतीय केंद्र स्थापन केलें. रवींद्रनाथ ठाकूर त्याचे अध्यक्ष होते. ग्रंथांची जप्ती म्हणजे काय हें त्या मुंबईला कोणीं शिकवावयास नको होतें. कवितांचें एक चोपडें छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांस १९०९ सालीं जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झालेली महाराष्ट्रानें पाहिली होती. त्याच १९३३ सालच्या मार्चमध्यें संयुक्त प्रांतांत 'अंगारे' हा उर्दू कथासंग्रह सरकारनें जप्त केला. त्याचे एक लेखक सज्जाद जहीर दोन वर्षांनीं पॅरिसच्या परिषदेस हजर होते. टोलर यांचाहि हिंदुस्थानाशीं संबंध होता. १९२७ सालीं ब्रुसेल्स येथें साम्राज्यशाहीविरुद्ध जी परिषद भरली तिला ते आणि जवाहरलाल नेहरू दोघेहि उपस्थित होते, आणि पुढें त्यांचा पत्रव्यवहार होता.

टोलर यांचा शेवट करुण झाला. स्पेनमधील भुकेलेल्या लोकांसाठीं मदत गोळा करण्यांत त्यांनीं आपलें उरलेंसुरलें बळ खर्च केलें. स्पेनचें प्रजासत्ताक पडलें, आणि २२ मे १९३९ रोजीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत त्यांनीं स्वतःच्या हातानें जीवनाचा अंत केला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत स्टॉकहोम येथें भरावयाचें पेनचें अधिवेशन युद्धानें हाणून पाडलें. रूडोल्फ ओल्डेन हे १९४० च्या सप्टेंबरांत अमेरिकेकडे जात असतां त्यांचें जहाज पाणबुडीनें बुडविलें आणि ते पत्नीसह मरण पावले. त्या जहाजाचें नांव 'सिटी ऑफ बनारस' होतें. तरीहि १९४१ सालीं, बॉंबनें पडझड झालेल्या लंडनमध्यें, देशोधडीला लागलेले लेखक पुन्हां एकत्र जमले. आणि १९४८ सालीं कोपनहेगन येथें संस्थेनें आपली सनद मंजूर केली तेव्हां ब्रुसेल्सच्या तीन तत्त्वांना चौथें जोडलें गेलें: विचारांची देवघेव निर्वेध असावी, आणि सभासदांनीं आपल्या देशांत व समाजांत मतस्वातंत्र्याच्या गळचेपीस विरोध करावा. 'आपल्या देशांत' हे शब्द आम्हांस सर्वांत मोलाचे वाटतात. या चौथ्या तत्त्वामागें दुब्रोव्हनिक उभें आहे.

पण तत्त्व लिहून ठेवल्यानें प्रश्न एकदांचा सुटतो असें नाहीं. १९९१ च्या ऑक्टोबरांत दुब्रोव्हनिकलाच वेढा पडला. ६ डिसेंबर रोजीं त्या प्राचीन नगरावर तोफगोळ्यांचा भयंकर वर्षाव झाला. युद्ध पुरतें शमलेंहि नव्हतें, तों १९९३ च्या एप्रिलांत पेनचें अधिवेशन पुन्हां त्याच शहरीं बोलावण्यांत आलें. जखमी नगराला लेखकांनीं भेट द्यावी हें योग्यच. पण त्याआधींच्या डिसेंबरांत क्रोएशियांतील एका साप्ताहिकानें स्वदेशांतील पांच लेखिकांवर देशद्रोहाचा शिक्का मारला होता. दुब्रोव्हनिकला अधिवेशन भरूं नये म्हणून त्यांनीं खटपट केली, हा एक आरोप. आणि आपल्या राष्ट्राचे दोष बाहेर बोलून दाखविले, हा त्याच्या मागचा खरा राग. त्यांपैकीं राडा इव्हेकोविच या भारतीय तत्त्वज्ञानाच्या व्यासंगी होत्या. दुब्राव्हका उग्रेशिच १९९३ सालीं देश सोडून गेल्या. साठ वर्षांपूर्वीं टोलर यांच्यावर जो आरोप येणार होता तोच हा. फरक इतकाच, कीं या वेळीं राष्ट्र आक्रमक नव्हतें, आक्रमण सोसणारें होतें. आणि म्हणूनच कसोटी अधिक कठीण होती. पीडितांच्या घरांतहि प्रश्न विचारणारा असतो, आणि त्याचें रक्षण करणें हें पीडितांविषयींच्या सहानुभूतीच्या आड येत नाहीं, हें ओळखण्यास फार मोठें मन लागतें.

लेखकांची सभा शांतता प्रस्थापित करूं शकत नाहीं. सैन्य, धान्य, तह यांपैकीं कांहींच तिच्या हातीं नसतें. तिच्या हातीं एक दार असतें: कोणाला आंत घ्यावयाचें आणि कोणाला बोलूं द्यावयाचें, एवढेंच ती ठरवूं शकते. दुब्रोव्हनिकच्या सभेनें तें दार एका घरादाराला मुकलेल्या माणसासाठीं उघडें ठेवलें, आणि त्यासाठीं आपली पंक्ति मोडूं दिली. यापुढें कोठेंहि, आपल्या गांवांत किंवा परदेशीं, साहित्यिकांची सभा भरली म्हणजे तिचे ठराव किती झाले हें आम्ही मोजणार नाहीं. तेथें सर्वांना नकोसा असलेला प्रश्न कोणीं विचारला, आणि तो विचारणाऱ्याला सभेनें बसावयास जागा दिली कीं नाहीं, एवढेंच आम्ही पाहूं. वाचकांनींहि तेवढेंच पाहावें, अशी आमची विनंति आहे.